कालव्याचे शेवटचे गाव

मोठ्या बांधकामांचा खर्च अंदाजाबाहेर जाणे आणि मुदत टळणे ही गोष्ट महाराष्ट्राच्या इतकी अंगवळणी पडली आहे की, एखाद्या सिंचन प्रकल्पाची दुसरी किंवा तिसरी सुप्रमा, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता, निघाली, अंदाजपत्रकाचा आकडा दुपटीने वाढला आणि पूर्णत्वाची तारीख आणखी काही वर्षे पुढे सरकली, तर ज्या तालुक्यासाठी तो प्रकल्प आखलेला असतो त्या तालुक्यात गुलाल उधळला जातो. त्या आनंदात खोटेपणा नसतो; वर्षानुवर्षे रेंगाळलेल्या कामाला पुन्हा पैसा मिळणार, ही वार्ता तहानलेल्या मुलखाला गोडच लागणार. परंतु अशा प्रत्येक मान्यतेचा दुसरा अर्थ असा असतो की, पहिल्या मान्यतेच्या वेळी राज्याने जनतेला दिलेला शब्द मोडला गेला. आणि तो का मोडला, कोणत्या टप्प्यावर मोडला, त्याची किंमत कोणी भरली, याची विचारपूस सहसा होत नाही. सांगोला तालुक्याने ती केली पाहिजे, कारण ती किंमत भरणाऱ्यांत सांगोल्याचा क्रमांक फार वरचा आहे.

सांगोला हा माणदेशाचा पूर्वेकडील भाग. सह्याद्रीने पश्चिमेला अडवून ठेवलेल्या ढगांचे जे काही उरते ते येथवर पोचेपर्यंत विरून जाते. सरासरी पाऊस पाचशे मिलिमीटरांच्या आसपास, आणि तोही भरवशाचा नाही. माण नदी तालुक्यातून वाहते खरी, पण वर्षाचे बहुतेक महिने तिच्या पात्रात वाळूच असते. म्हणून येथील पाण्याची कथा ही प्रथमपासून दुसऱ्यांच्या मुलखातून आणलेल्या पाण्याची कथा आहे. १८७६-७७ च्या दुष्काळात दुष्काळी काम म्हणून हाती घेतलेला म्हसवडचा, म्हणजे राजेवाडीचा, तलाव आणि त्याचा महूद भागाकडे येणारा कालवा. १९२८ मध्ये पुरे झालेल्या भाटघर धरणाच्या आधाराने चालणारा नीरा उजवा कालवा आणि त्याची सांगोला शाखा. भीमेवरचे उजनी धरण. आणि कृष्णेचे पाणी उचलून दुष्काळी पठारावर आणणाऱ्या टेंभू व म्हैसाळ या उपसा योजना: नीरा, भीमा आणि कृष्णा या तीन नद्यांचे पाणी सांगोल्याच्या वाट्याला लिहिलेले आहे. मात्र या सर्व योजनांत एक गोष्ट समान आहे. त्यांपैकी एकीच्याही मुखाशी सांगोला नाही. प्रत्येक कालव्याच्या दृष्टीने तो शेवटाकडचा, अभियंत्यांच्या बोलीत ‘टेल’चा, तालुका आहे.

माझे सारे म्हणणे या एका भौगोलिक वस्तुस्थितीवर उभे आहे. प्रकल्पाचा विलंब हा जणू सर्व लाभार्थींच्या माथी सारख्याच मापाने पडतो, अशी आपली समजूत असते; वर्तमानपत्रांतील आकडेही तीच समजूत दृढ करतात, कारण त्यांत संपूर्ण प्रकल्पाला एकच पूर्णत्वाचे वर्ष असते. प्रत्यक्षात कालव्याचे काम मुखाकडून शेवटाकडे चालते. आधी बंधारा आणि पंपगृहे, मग ऊर्ध्वनलिका, मग मुख्य कालव्याचे पहिले काही किलोमीटर, मग पुढचे. वितरिका आणि शेतापर्यंत जाणाऱ्या चाऱ्या सर्वांत शेवटी. पैसा आटला की काम जेथे असेल तेथे थांबते, आणि थांबल्या जागेच्या वरच्या अंगाला असलेली गावे ओलिताखाली आलेली असतात. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. पाणी दारात आल्यावर ऊस लावू नये इतका संयम कोणत्या शेतकऱ्याने दाखवावा? परंतु दहा-पंधरा वर्षे ती जमीन बारमाही पिकली की जे पाणी खालच्या गावांसाठी राखून ठेवलेले होते ते वरच्या गावांची वहिवाट होऊन बसते, त्यावर साखर कारखान्यांची गाळपक्षमता उभी राहते, बँकांचे कर्जव्यवहार उभे राहतात, आणि मग जेव्हा शेवटच्या टप्प्यातील कालवा अखेरीस पुरा होतो तेव्हा त्या कालव्यात सोडायला पाणीच उरत नाही. शेवटच्या गावाला झालेला उशीर हा नुसता उशीर नसतो. बहुतेक वेळा तो हक्काचा लोप असतो.

माण नदीच्या काठी हे प्रत्यक्ष पाहता येते. टेंभूचे पाणी कराडजवळ कृष्णेतून उचलले जाते, एकामागून एक टप्पे चढून खानापूर-आटपाडीच्या पठारावर येते आणि शंभर किलोमीटरांहून अधिक प्रवास करून माणेच्या पात्रातून कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांमध्ये साठत साठत सांगोल्याकडे सरकते. आवर्तन सुटल्याची बातमी पाण्याच्या कितीतरी आधी येते. मग काठावरच्या गावातील माणसे बंधाऱ्यावर जमतात, लोखंडी बरगे खाचांत बसवतात, फटींत माती आणि काळ्या प्लॅस्टिकचे तुकडे ठासतात आणि वरच्या बंधाऱ्याकडे फोनवर फोन करीत बसतात. पाण्याचे तोंड येते ते पाचोळा आणि फेस पुढे ढकलीत, वाळूत मुरत मुरत, पायी चालणाऱ्या माणसाहूनही सावकाश. वरचा बंधारा भरून ओसंडला तर खालच्याला मिळणार; आणि मध्येच वरून पंप थांबले, तर खालच्या बंधाऱ्याचे बरगे कोरड्या दगडावर तसेच उभे राहतात. कागदावर दोन्ही गावे एकाच योजनेचे समान लाभार्थी असतात.

या पाण्यासाठी झालेला लोकलढा महाराष्ट्राला ठाऊक आहे. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांनी १९९३ पासून आटपाडीच्या पाणी परिषदांतून तेरा दुष्काळी तालुक्यांना एका व्यासपीठावर आणले, डॉ. भारत पाटणकरांनी समन्यायी पाणीवाटपाची मागणी त्या चळवळीच्या केंद्रस्थानी ठेवली, आणि सांगोल्यातून १९६२ पासून अकरा वेळा विधानसभेवर निवडून गेलेल्या गणपतराव देशमुखांनी आपल्या सार्वजनिक आयुष्याचा फार मोठा भाग याच एका प्रश्नाच्या पाठपुराव्यात वेचला. ज्या प्रतिनिधीला एका मतदारसंघाने अर्धशतकाहून अधिक काळ विश्वासाने निवडून दिले, त्याचे इतके दीर्घ आयुष्य मंजूर झालेल्या कामांचा तगादा लावण्यात जावे, ही गोष्ट राज्याच्या बांधकाम-व्यवस्थेविषयी पुरेसे सांगते. ३० जुलै २०२१ रोजी गणपतराव गेले, तेव्हाही या तालुक्यातील किती तरी शेते कालव्याच्या नकाशावर ओली आणि सातबाऱ्यावर जिरायतच होती.

हे असे का झाले, याचे उत्तर भ्रष्टाचार या एका शब्दात देण्याची आपल्याला सवय लागली आहे. २०१२ च्या सुमारास सिंचनावरील खर्चावरून जे वादळ उठले, राज्य सरकारला श्वेतपत्रिका काढावी लागली आणि डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष चौकशी पथक नेमावे लागले, त्या प्रकरणात गैरव्यवहाराचा प्रश्न महत्त्वाचाच होता आणि त्याचा निवाडा झालाच पाहिजे. तथापि उद्या साऱ्या कचेऱ्या आणि सारे मक्तेदार निष्कलंक झाले तरीही हे प्रकल्प मुदतीत पुरे झाले नसते, कारण ते ज्या रीतीने सुरू करण्यात आले त्या रीतीतच विलंब पेरलेला होता.

कृष्णा पाणी तंटा लवादाने, बच्छावत लवादाने, १९७३ व १९७६ च्या निर्णयांनी महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी पाणी दिले आणि ३१ मे २००० नंतर या वाटपाचा फेरविचार होऊ शकेल अशी तरतूद ठेवली. ती तारीख जसजशी जवळ येऊ लागली तसतशी, आपल्या वाट्याचे पाणी तोवर अडवून वापरात आणले नाही तर ते हातचे जाईल, ही चिंता राज्यात पसरली. त्या चिंतेतून १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ जन्माला आले, खुल्या बाजारातून चढ्या व्याजाचे कर्जरोखे उभारण्यात आले आणि जुन्या-नव्या असंख्य कामांचे नारळ थोड्या वर्षांत फुटले. टेंभूची मूळ मान्यता त्याच काळातली. हेतू शुद्ध होता, निकडही खरी होती. परंतु ज्या राज्याच्या तिजोरीत दहा प्रकल्प पुरे करण्याइतका पैसा होता त्याने त्याहून कितीतरी अधिक प्रकल्प एकाच वेळी उघडले, आणि प्रत्येकाच्या ओंजळीत तीर्थाइतका निधी घातला. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१४ च्या अहवालात राज्याच्या सिंचन प्रकल्पांचे जे चित्र रेखाटले त्यात अपूर्ण प्रकल्पांची संख्या सहाशेवर होती, आणि जमीन ताब्यात नसताना कामे दिली गेल्याची नोंदही होती.

यातील गणित शाळकरी मुलालाही समजावे इतके सोपे आहे, आणि तरीही राज्यकारभारात ते कोणी मांडीत नाही, म्हणून ते येथे सविस्तर मांडतो. समजा, प्रत्येकी शंभर कोटींची दहा कामे आहेत आणि वर्षाला शंभर कोटींचीच तरतूद होऊ शकते. ही कामे एकामागून एक केली तर पहिले पहिल्या वर्षाअखेर पुरे होईल, दुसरे दुसऱ्या, आणि दहावे दहाव्या वर्षाअखेर. तीच दहा कामे एकदम सुरू करून प्रत्येकाला वर्षाला दहा कोटी दिले, तर दहाही कामे दहाव्या वर्षाअखेरच पुरी होतील. त्याआधी एकही नाही. म्हणजे रांगेत सर्वांत शेवटी उभे राहणाऱ्याचेही रांगेमुळे काडीचे नुकसान होत नाही, आणि बाकीच्या नऊ जणांचा उघड फायदा होतो. हे झाले भाववाढ शून्य धरून. प्रत्यक्षात दहा वर्षे दहा ठिकाणचे कर्मचारी, दहा ठिकाणची गोदामे, दहा ठिकाणी अर्धवट पडून गंजणाऱ्या सळया आणि दहा मक्तेदारांचे भाववाढीचे व मुदतवाढीचे दावे यांचा खर्च त्यात मिसळतो, दरवर्षी दरसूची वर चढते, आणि दहा वर्षांत पुरी व्हायची कामे पंचवीस वर्षे चालतात.

मग सर्वांच्या हिताची ही रांग लोकप्रतिनिधी का मान्य करीत नाहीत? कारण रांग पाळली जाईल यावर कोणाचाच विश्वास नाही, आणि तो नसण्याला सबळ कारणे आहेत. आज सातव्या क्रमांकावर उभा राहिलेला तालुका जाणतो की, मध्ये एक निवडणूक होईल, सरकार बदलेल, प्राधान्यक्रम बदलेल, आणि ज्याच्या कामाचा नारळ फुटला नाही त्याचे नाव यादीतून अलगद गळेल. म्हणून काम पुरे होवो वा न होवो, ते आज सुरू झालेच पाहिजे, हा आग्रह धरणारा आमदार मूर्ख नसतो आणि स्वार्थीही नसतो; मोडक्या व्यवस्थेत आपल्या मतदारांचा हक्क राखण्याचा तोच एक मार्ग त्याच्यापाशी उरलेला असतो. येथे मोडलेला आहे तो शब्दावरचा विश्वास. तो परत आणायचा तर रांगेला कायद्याचे बळ हवे: विधिमंडळाने एकदा मंजूर केलेला क्रम आणि त्याची वर्षवार तरतूद विधिमंडळाच्या उघड ठरावावाचून कोणत्याही मंत्र्याला बदलता येऊ नये, आणि चालू कामांच्या उर्वरित खर्चाची सोय लागल्यावाचून नव्या कामाला मान्यताच मिळू नये.

आता वाढलेल्या आकड्यांकडे वळू. विदर्भातील गोसीखुर्द प्रकल्पाचे १९८३ चे अंदाजपत्रक सुमारे ३७२ कोटींचे होते. राजीव गांधींच्या हस्ते १९८८ मध्ये त्याची पायाभरणी झाली. पुढे तो आकडा १८ हजार कोटींच्या पलीकडे गेला. ज्या म्हैसाळ योजनेचे पाणी सांगोल्याच्या दक्षिणेकडील गावांना अपेक्षित आहे, ती आणि ताकारी मिळून होणाऱ्या कृष्णा-कोयना उपसा सिंचन प्रकल्पाला १९८४ मध्ये मान्यता मिळाली ती सुमारे ८२ कोटींची; पुढे त्याचा हिशेब पाच हजार कोटींच्या घरात गेला. टेंभू सुमारे १,४१६ कोटींवरून निघाली आणि चार हजार कोटींच्या वर गेली. हे आकडे ऐकून माणूस थक्क होतो, पण नुसते थक्क होण्याने काही निष्पन्न होत नाही. १९८४ चा रुपया आणि आजचा रुपया एक नव्हेत. त्या वेळेपासून भाव दसपट-बारापट झाले असे धरले तरी ८२ कोटींचे हजारएक कोटी होतात. उरलेली सुमारे चार हजारांची वाढ कोठून आली, हा खरा प्रश्न. त्यातील काही भाग लाभक्षेत्र वाढवल्यामुळे आला, आणि तो वाईट म्हणता येणार नाही. नवी गावे जोडली गेली. काही भाग भूसंपादनाचा, विशेषतः २०१३ चा कायदा १ जानेवारी २०१४ पासून अंमलात आल्यावर ग्रामीण जमिनीचा मोबदला बाजारभावाच्या कित्येक पट देणे प्राप्त झाले त्याचा. तोही शेतकऱ्याच्या न्याय्य हक्काचाच. परंतु मोठा भाग असा असतो की, मूळ अंदाजपत्रक करताना कालव्याच्या मार्गावर पुरेशी भूस्तर-तपासणी झालेली नसते, मुरूम धरलेल्या जागी कठीण खडक लागतो, बोगद्याची लांबी बदलते, रस्ता व रेल्वे ओलांडण्याची कामे हिशेबात घेतलेलीच नसतात, आणि मग ही प्रत्येक गोष्ट अतिरिक्त बाब म्हणून, निविदेतील स्पर्धेच्या बाहेर, नव्या दराने देयकात चढते.

आणि पैसा खर्ची पडतो तो कशावर, हेही पाहण्यासारखे आहे. मोजमाप पुस्तिकेत मातीकाम घनमीटरांत मोजले जाते. यंत्रे आणून खोदाई करणे सोपे, तिचे देयक लवकर निघते, आणि खर्च झाल्याचा आकडा वर्षाअखेर वरिष्ठांना दाखवता येतो. जलसेतू, मोऱ्या, ओढ्यावरची बांधकामे, दरवाजे ही कामे कष्टाची, सावकाशीची आणि कमी किफायतीची. ती मागे पडतात. जमीन जेथे सहज मिळाली तेथे कालवा खोदला जातो, जेथे खातेफोडीचा तंटा, वारसाची नोंद किंवा न्यायालयाची स्थगिती असेल तेथे तुकडा सोडून दिला जातो. वीस किलोमीटरांपैकी साडेएकोणीस किलोमीटर खोदून झालेला कालवा अहवालात जवळजवळ पुरा असतो. उरलेल्या अर्ध्या किलोमीटरामुळे त्यातून घागरभरही पाणी पुढे जात नाही. त्या खोदलेल्या लांबीत वेडी बाभूळ माजते, पावसाळ्यात कडेची माती ढासळते, अस्तरीकरणाला तडे जातात, आणि पहिले पाणी सोडण्याआधीच दुरुस्तीचे वेगळे अंदाजपत्रक करावे लागते. खर्चाच्या टक्केवारीवरून प्रगती मोजण्याची पद्धत जोवर चालू आहे तोवर असे तुटक कालवे निर्माण होतच राहणार. प्रगतीचे एकच माप प्रामाणिक आहे: किती हेक्टर जमिनीच्या बांधापर्यंत पाणी पोचले, आणि ते शेवटच्या चारीवर मोजले काय?

शासनाच्या कोणत्याही अंदाजपत्रकात न येणारा आणखी एक खर्च आहे, आणि तो शेतकरी भरतो. सांगोल्याने पाण्याची वाट पाहत हात जोडून बसणे कधीच पत्करले नाही. शेततळी खोदून, ठिबक टाकून, उन्हाळ्यात टँकरने झाडे जगवून येथील माणसाने डाळिंब उभे केले. २८ डिसेंबर २०२० रोजी देशातील शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून पश्चिम बंगालमधील शालिमारकडे रवाना झाली, ती या कष्टांचीच पावती होती. पण डाळिंबाची बाग लावली की पहिला बहार धरायला दोन-तीन वर्षे जातात. कालव्याचे पाणी अमुक वर्षी येणार हे जर खात्रीने ठाऊक असेल, तर शेतकरी त्या बेताने लागवड करील, कर्ज घेईल, विंधन विहिरीचा नाद सोडील. तारीख भरवशाची नसली की तो पाचशे-सहाशे फूट खाली जाऊन कोरडा खडक पोखरतो, एक विंधन विहीर फसली की दुसरी घेतो, आणि ज्या पाण्यासाठी राज्य शेकडो कोटी खर्च करीत आहे त्याच पाण्याच्या अभावी घराघरातून लाखो रुपये जमिनीत गाडले जातात. त्यातच तेल्या रोगाने आणि खोडकिडीने बागांची जी दैना केली तिच्यात कित्येक कुटुंबे कर्जासह उघडी पडली. २०१८-१९ च्या दुष्काळात याच तालुक्यात जागोजाग चारा छावण्या उघडाव्या लागल्या. त्यांवर झालेला सरकारी खर्चही न आलेल्या कालव्याच्याच खाती मांडला पाहिजे.

हा दोष केवळ महाराष्ट्राचा नाही. डॅनिश अभ्यासक बेंट फ्ल्यूबियर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये वीस देशांतील २५८ दळणवळण प्रकल्पांचा हिशेब तपासला, तेव्हा दर दहांपैकी नऊ प्रकल्पांचा खर्च अंदाजापेक्षा जास्त झालेला आढळला, आणि सत्तर वर्षांच्या काळात अंदाज अधिक अचूक होत गेल्याचे कोणतेही चिन्ह दिसले नाही. त्यांचा निष्कर्ष असा की, इतक्या सातत्याने एकाच दिशेला होणारी चूक ही चूक नव्हे. मान्यता मिळावी म्हणून खर्च कमी आणि लाभ अधिक दाखवण्याकडे ती झुकलेली असते. आपल्याकडील पहिल्या प्रशासकीय मान्यतेचे आकडे या प्रकाशात वाचावेत. उलटपक्षी कोकण रेल्वेचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवण्याजोगे आहे. १९९० मध्ये त्या कामासाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले, एका अभियंत्याच्या, ई. श्रीधरन यांच्या, हाती सलग नेतृत्व राहिले, कर्जरोख्यांतून निधीची तजवीज प्रारंभीच झाली, जमिनीच्या संपादनाला पहिले स्थान मिळाले, आणि सह्याद्रीच्या कुशीतून नद्या व बोगदे ओलांडीत जाणारा सुमारे ७४० किलोमीटरांचा मार्ग जानेवारी १९९८ मध्ये सबंध खुला झाला. ठरलेल्या पाच वर्षांच्या मुदतीपलीकडे तोही गेला, खर्चही वाढला. तरी ज्या दशकात कोकण रेल्वे पुरी झाली त्याच दशकात सुरू झालेले आपले कालवे आजही खोदले जात आहेत. कोकण रेल्वे हे एकच काम होते, आणि त्याचा पैसा दुसऱ्या शंभर कामांत वाटला जात नव्हता.

घाईच्या नावाखाली प्रकल्पग्रस्तांचे हक्क तुडवले जातील, अशी भीती कोणी व्यक्त करील, तर ती अनाठायी नाही. कोयना आणि उजनीच्या जलाशयांखाली ज्यांची गावे गेली त्यांच्या पिढ्यांनी जे सोसले ते विसरून वेगाचे गुणगान करणे अधर्म होईल. परंतु ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही चळवळीने दिलेली घोषणा हा वेळापत्रकाच्या दृष्टीनेही सर्वांत शहाणपणाचा नियम आहे. ज्याचा मोबदला चुकता झाला, ज्याला पर्यायी जमीन मिळाली, तो कालव्यात आडवा पडत नाही. आणि जो आडवा पडतो त्याच्यामुळे नव्हे, तर त्याचे देणे थकवणाऱ्या दप्तरामुळे काम थांबलेले असते.

सुदैवाने सुधारणा शक्य आहे, याचे पुरावे जवळच आहेत. २०१८ मध्ये केंद्राने मान्य केलेल्या बळीराजा जलसंजीवनी योजनेत महाराष्ट्रातील ८ मोठे व मध्यम आणि ८३ लघु प्रकल्प निवडून घेतले गेले, त्यांत टेंभू आणि उरमोडी होत्या; निवडक कामांना बांधील निधी द्यायचा, हे तत्त्व त्यात होते. उघड्या वितरिकांऐवजी बंदिस्त नलिकांनी पाणी वाटण्याचा मार्ग स्वीकारल्याने शेतातून कायमची जमीन घ्यावी लागत नाही, वाटेतली चोरी आणि बाष्पीभवन कमी होते, आणि भूसंपादनाची वर्षे वाचतात. उपसा योजनांचे वीजबिल शासनाने ८१ टक्के व शेतकऱ्यांनी १९ टक्के सोसावे, या निर्णयाने बांधून झालेले पंप बिलाअभावी बंद राहण्याची नामुष्की पुष्कळ टळली. यांपैकी एकही उपाय चमत्काराचा नाही. त्यांत फक्त काम उघडण्याआधी ते शेवटास कसे जाणार याचा विचार झालेला आहे.

उजनीच्या पाण्यावर आधारलेली सांगोला उपसा सिंचन योजना, जिला बाळासाहेब ठाकरे यांचे नाव दिलेले आहे, तिचे पावणेनऊशे कोटींच्या वरचे काम आता हाती आलेले आहे. वर सांगितलेल्या साऱ्या गोष्टी तिला लागू पडतात, आणि त्या प्रारंभी लागू केल्या तरच उपयोगाच्या. लाभक्षेत्रातील प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर आपल्या शिवारातील कोणत्या गटातून नलिका जाणार, त्यांपैकी कोणत्या गटांचा मोबदला चुकता झाला आणि कोणत्यांचा राहिला, पंपगृहाची वीजजोडणी कोणत्या तिमाहीत होणार आणि आपल्या गावाचा शेवटचा व्हॉल्व्ह कोणत्या महिन्यात उघडणार, हे लिहिलेले असावे आणि दर तिमाहीला ग्रामसभेत वाचले जावे. मक्तेदाराच्या देयकातील निदान काही ठळक हिस्सा शेवटच्या गावातील चाचणी यशस्वी झाल्यावरच मिळेल, अशी अट निविदेतच हवी. मुखाजवळची गावे आणि शेवटाकडची गावे यांच्या वितरणाची कामे एकाच वेळी चालावीत, म्हणजे निधी आटला तरी त्याचा भार एकट्या टेलवर पडणार नाही. तीच अट माणेच्या खोऱ्यातील टेंभूच्या उर्वरित कामांना लावता येईल. येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात सांगोल्याच्या प्रतिनिधींनी नव्या घोषणेऐवजी या योजनांच्या उर्वरित खर्चाची वर्षवार तरतूद सभागृहाच्या पटलावर मागावी, आणि ती मिळेपर्यंत तालुक्यात कोणत्याही नव्या कामाचा नारळ फोडण्यास नकार द्यावा. तालुका त्यांच्या पाठीशी उभा राहील.